तिरकं नाव

प्रियांकानं प्रूफ माझ्या हातात ठेवलं आणि मला बरं वाटलं. आधी बरं वाटलं, हे मी कुणाला सांगणार नाही, पण खरं ते खरं. कागद प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट होता. वर गणपती, त्याखाली माझ्या लेकीचं नाव, चि. सौ. कां. अनिता, त्याखाली जावयाचं, चि. नितीन, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड. मग मुहूर्त, मांडव, आणि तळाला 'आपले नम्र' म्हणून आम्ही दोघं. सौ. शकुंतला महिपत विशे, हे सरळ. आणि शेजारी श्री. महिपत काळू विशे, हे तिरकं. सगळ्या पत्रिकेत तेवढं एकच नाव तिरकं. जाड रेघ खाली येता येता बारीक झालेली, टोकाला नखाएवढा आकडा, आणि सगळी अक्षरं एका बाजूला किंचित कललेली. किती छान दिसतंय, असं माझ्या मनात आलं. श्वास आत घेऊन बाहेर सोडीपर्यंत तेवढंच होतं मनात. मग काय छान दिसतंय ते कळलं आणि मी स्टुलावर बसले. प्रियांका म्हणाली, "आवडलं ना, शकूमावशी? मुद्दाम वेगळा फॉन्ट शोधला. दोन सीडी पालथ्या घातल्या." मी म्हटलं, "छान आहे गो. घरी दाखवते. सकाळी सांगते." ती म्हणाली, "सकाळी लवकर सांगा हं, परवा तुमचे व्याही न्यायला येणार पत्रिका." मी कागदाची घडी घातली, मग ताज्या प्रुफाची घडी घालायची नसते हे आठवलं, उलगडला, आणि वहीत सपाट ठेवला.

प्रियांका म्हणजे आमच्या छापखान्याची सून. छापखाना शहापुरात, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. तो चालवला तिच्या सासऱ्यांनी, त्यांना सगळा तालुका नाना म्हणायचा. नाना वारले, त्याच्या पुढल्या वर्षी ही बदलापूरहून लग्न होऊन आली आणि तिच्यामागून कॉम्प्युटर आला. पोरगी गुणी आहे, मला टाकून बोलत नाही, चहा केला तर आधी मला देते. तिला काय माहीत तिनं काय केलं! ही चूक तिची नव्हतीच. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं असतं तर मीच सांगायचं, दुसरं कोण उरलंय छापखान्यात जुनं. घरी जायच्या किन्हवलीच्या गाडीला अजून वेळ होता. स्टँडवर बाकड्यावर बसले आणि वही मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवले, जसं काही आतलं उडून जाणार होतं.

नानांनी तिरके खिळे आणले तेव्हा मी छापखान्यात नव्हते, ऐकलेलं सांगते. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, एकेक सुटं, ती खणातून उचलून ओळीत जुळवायची. गिरगावात कुणी खिळे पाडणारा धंदा आवरत होता, त्याच्याकडून नानांनी हे उचलले. अर्धीच केस, म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी. आख्खी पत्रिका त्यात जुळायची नाही, दोन ओळीही नाहीत, एखादं नाव जुळेल एवढीच अक्षरं. नाना घेऊन तर आले, मग नानी म्हणाल्या, ह्याचं लोणचं घालू का? दिसायला मात्र देखणे. नाना चिडायचे कुणी त्यांना वाकडे म्हटलं की. म्हणायचे, सरळ अक्षर ढकललं म्हणून तिरकं होत नाही, ते मुळातच तसं कापलेलं असतं, त्याचं पोट वेगळं, त्याचा पाय वेगळा. वरची रेघ बघ, म्हणायचे, ती सरळच आहे, खालचं अंग तेवढं कललंय. दोरीवर वाळत घातलेली धोतरं वाऱ्यानं एका अंगाला जातात ना, तसं. ते मी शिकले त्यांच्याकडून, अक्षराकडे बघायला. नाहीतर नववीपर्यंत शिकलेली मी, अक्षर वाचायचं असतं एवढंच मला ठाऊक. मग एकदा डोळखांबकडचा एक माणूस लेकीची पत्रिका करायला आला. बायको दोन महिन्यांपूर्वी गेलेली. नानांनी विचारलं, नावाआधी कै. लावायचं ना? शुभकार्याच्या कागदावर मेलेली म्हणून लिहू नका, म्हणाला, आणि जिती म्हणूनही लिहू नका, लोक हसतील. नानांनी ती अर्धी केस उघडली. कै. नाही, सौ. नाही, नुसतं नाव, तिरकं. ती बाई जशी जराशी मान कलवून लेकीकडे बघत उभी. तो माणूस पत्रिका बघून तिथंच बाकड्यावर बसून रडला म्हणे. मग त्याच्या गावचे आले, मग शेजारच्या गावचे, आमच्या म्हातारीला तसं करा, आमच्या दादाला तसं करा. दहा वर्षांत आमच्या बाजूला लहान पोरालासुद्धा कळायला लागलं, नाव तिरकं म्हणजे माणूस गेलेला. फक्त तिरक्यात ऋकार नव्हता. नाना बोलायचे, कृष्णा नावाच्या माणसानं मरताना दुसरा छापखाना बघावा, आमच्याकडे सोय नाय.

गाडी लागली तेव्हा मी खिडकी धरली. आता कोण बघतं तिरकं की सरळ, असं स्वतःला सांगत होते. कॉम्प्युटर आला आणि ती रीतच गेली. पहिल्या महिन्यात प्रियांकानं एका पत्रिकेत काका, मामा, आत्या, सगळी निमंत्रक मंडळी तिरकी केली होती. अख्खी भावकी मारलीस की गो, असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या. पण नव्या सुनेला कुठं मरणाच्या गोष्टी सांगत बसायचं, म्हणून म्हटलं, एवढं तिरकं नको, म्हाताऱ्यांना वाचता येत नाय. ती हसली, म्हणाली, "मावशी, इटॅलिक शोभेसाठी असतं." असेल. पाकिटावर इंग्रजीत तिरकं लिहितात ना आता, अनिता वेड्स नितीन, ए-ला शेपटी आणि एन-ला आकडे, ते शोभेचंच. ते बघून मला काही होत नाही, कारण ती भाषा माझी नाही, ते तिरके मला कधी कुणी गेल्याचं सांगत आले नाहीत. पण मराठी तिरकं नाव दिसलं की अजूनही माझा हात पदराकडे जातो. आणि आमच्या घरात तर असं माणूस आहे की ज्याला अक्षर एक येत नाही, पण तिरकं ओळखता येतं. माझी सासू, गिरजा. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. देवाच्या तसबिरीमागे तिनं आख्ख्या नात्यागोत्याच्या पत्रिका खोचून ठेवल्यात, वाचता येत नाहीत, पण काढून काढून बघते. ही फुलवऱ्याची यमू, पडली. हा आपल्या भिमीचा सासरा, पडला. तिरक्याला ती पडला म्हणते.

महिपत माझा नवरा. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असं आईनं शिकवलं होतं, मी ते हातानं घ्यायला शिकले. म, हि, प, त. चार खण. ब्याण्णव सालचा माघ. वाल काढणीला आले होते आणि आमचा एक बैल बसला होता, म्हणून तो मुरबाडच्या बाजाराला निघाला दुसरा बघायला. निघताना अंगणात माझ्याकडे बघून म्हणाला, "चपलेचा अंगठा तुटलाय तुझ्या. येताना आणतो." मी म्हटलं, "माझा नंबर माहीत तरी आहे का?" तर तिथंच खाली बसला आणि माझं पाऊल वितीनं मोजलं, एक वीत आणि वर दोन बोटं. सासू ओट्यावर बसलेली! मी लाजेनं मेले. "सोडा ना, काय हे," म्हटलं, आणि पाय ओढून घेतला. तेवढंच. भांडण नाही, तंटा नाही, दारू नाही. मुरबाडात तो दिसला, बैल त्याला पटला नाही, आणि दुपारी माळशेजकडे जाणाऱ्या गाडीत चढताना आमच्याच गावच्या माणसानं त्याला बघितलं, हाकही मारली. त्यानं हात केला. तिकडे त्याचं काय काम होतं, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पोलिसात दिलं. दीर बाळ्या चार माणसं घेऊन सिद्धगडाचं रान बघून आला, आठ दिवस बघत होता. कुणी म्हणालं, बैलाच्या पैशापायी घात झाला. कुणी म्हणालं, बाई केली असेल. मला त्या बाईचा राग येत नाही, असली तर असू दे, जेवायला घालत असेल त्याला. राग येतो त्याचा, की हात कसला करतोस, उतर ना गाडीतून! अनिता तेव्हा सात वर्षांची. शेत बाळ्यानं बघितलं, पण पोरीचं शिक्षण, माझं आणि म्हातारीचं कापडचोपड, त्यासाठी मी शहापूरला निघाले, आणि नानांनी मला खिळ्यांपुढे उभं केलं.

हाताला लवकर सवय झाली. जुळवायचं, छापून झालं की पुन्हा एकेक खिळा आपापल्या खणात टाकायचा. कंटाळवाणं काम, पण मला तेच आवडायचं, प्रत्येकाला जायला एक घर आहे हे बरं वाटायचं. चौऱ्याण्णवला बाळ्याचं लग्न निघालं. पत्रिका मीच जुळवली, आणि थोरला भाऊ म्हणून महिपतचं नाव सरळ, श्री. लावून, अगदी छातीठोक सरळ. नानांनी एकदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, मग काय! पत्रिका छापून घरी आल्या. आत्याबाईंनी एक हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि महिपतच्या नावावर अंगठा ठेवला. तेव्हा खिळ्यांचा दाब कागदात उमटायचा, अंगठ्याला लागायचा. "ह्यो एक का पडलाय?" म्हणाली. मी वाकून बघितलं. महिपतमधला प तिरका होता. म सरळ, हि सरळ, त सरळ, आणि मध्ये एक प कललेला. कुणीतरी, म्हणजे मीच, मागच्या कामाचे खिळे परत टाकताना तिरका प सरळ प-च्या खणात टाकला होता. धंद्यात हे होतं, रोज होतं. नानांच्या नजरेतून सुटलं, माझ्या सुटलं, आणि जिला क की काय ते ठाऊक नाही तिला सापडलं. मी हजार वेळा सांगितलं, आत्याबाई, चूक झाली, खण चुकला. तिचं एकच, "तू त्याला एकएक अक्षर करून मारतेस." चैत्रापासून गणपतीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी भरून ठेवायची, पोरीची वेणी घालायची, पण शब्द नाही. आणि मी रात्रंदिवस मनात धरून बसले, की ह्या बाईसाठी मला हा माणूस सरळ ठेवला पाहिजे. काहीही होवो. ती आहे तोपर्यंत तरी.

तेव्हापासून आमच्या दोघींचं तेच काम. रेशनकार्डावर नाव आहे तसं. शाळेच्या दाखल्यावर तसंच. माझ्या कपाळावर कुंकू, गळ्यात मणी, वटपौर्णिमेला मी वड पुजते आणि बायका माझ्याकडे बघत नाहीत अशा बघतात. यंदा माघात बारा वर्षं भरली. बाळ्या एक दिवस ओट्यावर बसून हळूच म्हणाला, "आई, बारा वर्सं झाली. एवढी वर्सं पत्ता नाय त्याचा पुतळा करून इधी करतात. अनीचं लगीन हाय, मोकळं झालेलं बरं." आत्याबाईंनी केरसुणी उचलली. "जित्या भावाचा पुतळा जाळतोस रे? तुजा जाळू का?" सत्तरीची बाई, पण बाळ्या अंगणापर्यंत पळाला. मी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसले, आणि हसता हसता रडले. मग सोयरीक जुळली ती वैशाखऱ्याची. लोक म्हणाले, लांब दिलीस गो लेक. मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, नोकरीला आहे, घर पक्कं आहे. हे सगळं खरंच आहे. पण खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. माळशेजची गाडी वैशाखऱ्यावरून जाते. त्या रस्त्याला माझं एक घर असावं, येताजाता उतरायला हक्काचं दार असावं, चौकशीला चार माणसं आपली असावीत. लेकीचा संसार मी असा त्या रस्त्याला बांधला. असं करतात का कुणी? आणि विहीणबाई भल्या आहेत, पण त्यांनी मागल्या आठवड्यात विचारलंच, "तुमी वाईट नका वाटून घेऊ, पण व्याही येणार का नाय? आमच्या लोकांना काय सांगायचा?" पत्रिकेत सरळ छापलं तर मांडवात माणूस दाखवावा लागतो. तिरकं छापलं तर प्रश्नच मिटला. अनिताला विचारलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "आई, मला त्यांचं तोंड आठवत नाय. मी काय सांगू? तू आणि आजी ठरवा." आणि मग इतक्या हळू की मला ऐकू येऊ नये, "पण काय ते ठरवा."

गाडीतून उतरून घरापर्यंत चालताना मी पक्कं ठरवलं. सकाळी जाऊन प्रियांकाला सांगायचं, बाई, सरळ कर, श्री. ठेव. विहीणबाईंचं बघू. आत्याबाईंना हा कागद दाखवायचाच नाही. आणि ते क्षणभर मला जे बरं वाटलं होतं, त्याचं काय करायचं? ते कुठल्या खणात टाकायचं? बारा वर्षं मी ज्याला उभा धरून ठेवला, तो कोणा भोळ्या पोरीच्या हातून जरासा कलला आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. हे बायकोचं मन म्हणायचं का? स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

आत्याबाई ओट्यावर सुपात वाल निवडत बसल्या होत्या. ऊन अजून अंगणात होतं. डोळ्यांत आता सारा आलाय तिच्या, धूसर दिसतं, वाल बोटांनीच निवडते. मी चपला काढते न काढते तोच म्हणाली, "आणलीस?" मी म्हटलं, "काय?" "काय काय? पोरीची पत्रिका. आज देनार बोललेलीस." म्हाताऱ्या माणसाला जेवण झालं की नाही आठवत नाही, आणि हे बरोबर आठवतं! मी म्हटलं, "कच्ची आहे. पक्की झाली की दाखवते." "कच्ची दाव." "चुका आहेत त्यात." "दाव गो." आत अनिता तांदूळ धूत होती, ती हात तसेच ओले घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी वही उघडली. म्हातारीनं कागद घेतला, सूप बाजूला सारलं, उठली आणि अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. आता कागदात दाब नसतो, अंगठ्याला काही लागत नाही. तिनं तो नाकाशी नेला, वरपासून खाली, ओळ ओळ. तळाशी आली तशी थांबली. मला वाटलं आता बसेल खाली. आता बोंब मारेल. मी एक पाय अंगणात टाकून तयार राहिले.

"ह्यो महिपत ना?"

"हो. आत्याबाई, चुकून झालंय ते, त्या पोरीला माहीत नव्हतं, सकाळी सरळ करून घेते, देवाशपथ..."

"पडलाय."

"सरळ करते म्हटलं ना!"

"थांब गो. बघू दे." तिनं कागद जरा लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग तिच्या तोंडावर जे आलं ते मला कळेना. लहान मूल झोपलेलं असतं आणि त्याची आई भाकरी थापता थापता एकदा वळून बघते, तसं ती बघत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

मला आधी समजलंच नाही. मग माझाच आवाज चढला. माझा! सासूसमोर! "राहू दे म्हणजे? राहू दे म्हणजे काय, आत्याबाई? सहा महिने माझ्याशी बोलला नव्हतात तुम्ही एका प-साठी! तुमच्यासाठी मी बारा वर्षं त्याला सरळ ठेवला, लोकांच्या नजरा खाल्ल्या, आणि आज तुम्ही म्हणता राहू दे? तुम्हीच मारलात तर मी कुठं जाऊ?" बोलले आणि ऐकलं मी काय बोलले ते. म्हणजे हिच्यासाठी नव्हतंच. इतकी वर्षं मी हिच्या नावावर खपवत आले, आणि सरळ हवा होता तो मलाच. ती चिडली नाही. माझ्याजवळ आली, ओट्याच्या कडेला टेकली आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं. तिच्या हाताला वालांचा वास येत होता.

"मेला नाय बोलत मी," ती म्हणाली. "माज्या तोंडात तो शबुद येनार नाय, मी मरंपर्यंत नाय. पर तू बघ ना गो. बारा वर्सं आपण दोघींनी त्याला उभा ठेवला. रेशनवर उभा, पत्रिकेत उभा, दारात उभा. एक दिस बस बोललो नाय त्याला. पोरगा दमला असंल. जिथं असंल तिथं जरा टेकू दे."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. असं बारा वर्षांत कधी केलं नव्हतं, त्याच्या आधीही नाही. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आन तुजा कपाल तसाच ऱ्हाऊ दे. पुसलंस तर बघ. त्यो टेकला, तू कशाला रांड व्हतेस?" अनिता दारातच उभी होती, हुंदके द्यायला लागली, तशी म्हातारी तिच्यावर ओरडली, "तू काय रडतेस? तांदूल घाल चुलीवर, भूक लागली मला." मग आम्ही तिघी जेवलो, वालाचं बिरडं आणि भात. आत्याबाई दोनदा वाढून जेवल्या.

सकाळी मी छापखान्यात गेले तर प्रियांका माझी वाट बघत होती, कॉम्प्युटर चालू करून पत्रिका पडद्यावर आणून. मी तिला सगळं सांगितलं. नाना, डोळखांबचा माणूस, अर्धी केस, तिरकं म्हणजे काय. ती ऐकता ऐकता पांढरी पडत गेली. "मावशी, अहो, मला... देवा!" तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "मला वाटलं हा मान असतो. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत बाबांचं एकट्याचंच नाव असं होतं, नानांचं. सगळ्यांत सुंदर तेच होतं. मी विचार केला, घरातल्या मोठ्या माणसाला असा मान देत असतील तुमच्याकडे. म्हणून मी तुमच्या यजमानांना..." ती पत्रिका मीच जुळवली होती. नानांचं नाव त्यांच्याच खिळ्यांत, त्या अर्ध्या केसमधलं शेवटचं काम. त्यानंतर ते खिळे वितळवायला गेले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "मानच आहे तो गो. तुझं काय चुकलं नाय. आणि तिरकं तसंच ठेवायचंय. फक्त पुढची श्री. काढ, तिरक्यापुढे काही लावत नाहीत."

तिनं डोळे पुसले आणि श्री. काढली. नुसतं महिपत काळू विशे राहिलं. मग तिनं पडद्यावरची ती उभी काडी माझ्या नावाच्या आधी नेऊन ठेवली, सौ.-च्या पुढे. ती तिथं चमकत राहिली. प्रियांका माझ्याकडे बघेना, खाली कीबोर्डकडे बघून म्हणाली, "मावशी, मग हे...? काढू?" मी दहा वर्षं लोकांच्या पत्रिकांतून हेच काढत आले. एकाचं तिरकं झालं की दुसरीचं सौ. जातं, ह्यात विचारायचं काही नसतं, हात आपोआप जातो. कुणी विसरलं तर मी लाल पेन्सिलीनं गोल करत असे.

"राहू दे ते," मी म्हटलं.

"पण मावशी, तुम्हीच आत्ता सांगितलंत ना... दोन्ही कसं चालेल? जुनी माणसं बघतील, चूक काढतील."

"काढू देत. तू छाप."

प्रूफ पुन्हा काढलं. आमच्याकडे गिऱ्हाइकानं प्रुफाच्या तळाला एक ओळ लिहून सही करायची असते, मग पुढे काही निघालं तर छापखान्याकडे बोट दाखवायचं नाही. मी दुसऱ्यांकडून ती हजारदा लिहून घेतलीय. प्रियांकानं पेन दिलं. मी माझं नाव आणि त्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि खाली लिहिलं, वाचून पाहिले, चूक नाही, छापावे.